जेवण तिकडे, सासूबाई इकडे

माणसाने म्हातारपणी कसं वागावं याची एक रीत आहे. कॉफीच्या टपरीवर बसावं, शेजाऱ्याच्या कोंबड्यांना नावं ठेवावीत, गुडघा धरून हवामान सांगावं. आमच्या ह्यांनी यातलं काहीही केलं नाही. ह्यांनी शाळेत नाव घातलं. वय कागदावर एकसष्ट, आमच्या मोजणीने बासष्ट, कारण आमच्याकडे मूल जन्माला येतं तेच एक वर्षाचं येतं. आणि नाव घातलं ते मला न विचारता. मला कळलं ते समोरच्या आठकाकूंकडून, त्यांच्या शेवयांच्या गाडीवर, चार गिऱ्हाइकांच्या देखत.

"दोनवहिनी, तुमचे दोनदादा वॉर्डाच्या सभागृहात जातात रोज. बावीस वर्षांची मास्तरीण आहे म्हणे. नजर ठेवा."

"नजर ठेवण्यासारखं त्यांच्यात काय उरलंय?" मी म्हटलं, आणि न खाता घरी आले.

कुणी वाचणारे वर उत्तरेकडचे असतील तर त्यांच्यासाठी सांगते, नाहीतर हसत बसतील. सायगावच्या खाली, आमच्या या नदीमुखाच्या मुलखात थोरल्या लेकराला एक म्हणत नाहीत, दोन म्हणतात. त्याच्या पाठचं तीन, मग चार, आणि असं पार शेंडेफळापर्यंत. पहिल्याला पहिला म्हटलं की भुतं त्यालाच उचलतात, म्हणून पूर्वजांनी एक हा आकडाच घरातून काढून टाकला. इतक्या पिढ्या झाल्या, भुतांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. माझा नवरा थोरला, म्हणून तो दोनदादा आणि मी दोनवहिनी. माझं नाव न्यान, पण ते शेवटचं कुणी घेतलं ते लग्नाच्या नोंदवहीत.

तर ह्यांची ती शाळा. सरकारने ठरवलं, प्रत्येक घरातलं एक माणूस संगणकाला कामाला लावायला शिकलं पाहिजे. वॉर्डाला ठरावीक डोकी भरायची होती. तरुण पोरं सायगावला कामाला गेलेली, बाया बाजारात, म्हणून मग उरलेसुरले गोळा केले: एक न्हावी, दोन निवृत्त मास्तर, एक बहिरे आजोबा जे तिथल्या पंख्यासाठी यायचे, आणि आमचे हे. ह्यांनी सदतीस वर्षं कालव्याच्या पंपघरात नोकरी केली. काम एकच. पाण्यात रोवलेल्या खांबावर रेघा असतात, त्यातल्या कुठल्या रेघेपर्यंत पाणी आलंय ते वहीत लिहायचं. त्या खांबावर सगळ्यांत खालची रेघ शून्याची असते, हे पुढे लक्षात ठेवा. सदतीस वर्षं त्या शून्याकडे बघून या माणसाला शून्य कळलं नाही.

जी भाषा शिकायची तिचं नाव अजगराचं. आमच्या पलीकडच्या आळीत लोक पिंजऱ्यात अजगर पाळतात. ते निदान उंदीर तरी खातात.

पहिला आठवडाभर ह्यांनी त्या यंत्राकडून एकच गोष्ट वदवून घेतली: "जगा, नमस्कार." पडद्यावर ती ओळ उमटली की टाळी वाजवायचे. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाने सकाळी उठून मला "उठलीस का" असं विचारलेलं नाही, आणि चालला जगाला नमस्कार घालायला! दुसऱ्या आठवड्यात यंत्र रुसायला लागलं. ओळीच्या शेवटची दोन टिंबं राहिली, रुसलं. पुढची ओळ चार बोटं आत सरकवून लिहिली नाही, रुसलं. काय चुकलं ते धड सांगायचं नाही, नुसती लाल अक्षरं दाखवायची. हे कपाळाला हात लावून बसायचे आणि मी भाजी चिरता चिरता बघायचे. सासूबाई परवडल्या होत्या. त्यांना कशाचा राग आलाय ते निदान तिसऱ्या आळीपर्यंत ऐकू जायचं.

एकदा मी स्वतः बघून आले. ती मास्तरीण, क्वेन तिचं नाव, पोर गोड होती. मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "आजी, घाबरायचं काही कारण नाही. संगणकाला जे सांगाल तेच तो करतो. अक्षर न अक्षर. स्वतःच्या मनाचं काही करत नाही."

"मग नवऱ्यासारखा नाही म्हणायचा," मी म्हटलं. बहिऱ्या आजोबांनासुद्धा ते ऐकू गेलं.

मी तीन यत्ता शिकले. चौथीच्या वर्षी पूर आला, शाळा वाहून गेली आणि मी बापाच्या होडीत संत्री मोजायला बसले. आजही बाजारात माझी संत्री आहेत. मोजणीचं मला कुणी शिकवू नये. आमच्या बाजारात दहा मागितली की बारा द्यायची, आणि जुनं गिऱ्हाईक असेल तर चौदा. त्यालाही 'दहा'च म्हणतात. ज्याला हे कळतं तो धंदा करतो. ज्याला नाही कळत तो पंपघरात नोकरी करतो.

आता घोटाळा कुठून सुरू झाला ते सांगते. या शिक्षणाचं प्रमाणपत्र फुकट मिळत नव्हतं. प्रत्येकाने घरच्या उपयोगाचं एक काम यंत्राकडून करून दाखवायचं, आणि त्यासाठी तीन प्रतींत फॉर्म. फॉर्मवर मास्तरणीची सही, आळीप्रमुखांची सही, आणि खाली रकाना: घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा अभिप्राय. ह्यांचा पहिला फॉर्म परत आला, कारण जन्मतारखेची जागा रिकामी. ह्यांच्या कागदावर नुसतं साल आहे. धामधुमीच्या दिवसांत जन्मलेल्यांचा दिवस कोण लिहून ठेवणार? कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली, तारखेशिवाय नोंद होत नाही. दुसऱ्या खिडकीतली म्हणाली, जी तारीख माहीत नाही ती लिहिणं गुन्हा आहे. तिसरी खिडकी जेवायला गेली होती. शेवटी आळीप्रमुख नऊकाकांनी स्वतःचीच तारीख लिहून टाकली. आता सरकारदरबारी आमचे हे आणि नऊकाका जुळे आहेत.

आणि यंत्राला कुठलं काम सांगावं यावर गल्लीभर सल्ले. न्हावी म्हणाला, लॉटरीचा आकडा काढा. आठकाकू म्हणाल्या, माझ्या शेवयांची उधारी लिहा. ह्यांनी मात्र माझ्याकडे बघत बघत जाहीर केलं, "आईचं श्राद्ध."

सासूबाईंचं श्राद्ध म्हणजे आमच्या कुळाचा सगळ्यांत मोठा दिवस. साठ माणसं जेवतात. आणि ते होतं माझ्या घरी, कारण मी थोरली सून. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंनी जाताना बाकीच्यांकडे नुसतं बघितलं आणि माझा हात धरून देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथलं राखेचं भांडं, ज्यात उदबत्त्या रोवतात, ते त्यांच्या सासूबाईंपासूनचं आहे. ते जागचं हलवायचं नसतं. हललं तर पूर्वजांना घर सापडत नाही. त्या भांड्याची राख मी अकरा वर्षं सांभाळली. इस्टेट म्हणावी तर तीच, पदवी म्हणावी तर तीच. त्या दिवशी कुळातला प्रत्येक जण आधी माझ्या उंबऱ्यात चपला काढतो आणि मग जेवतो.

कुणी काय आणायचं हे ठरलेलं. दोन, म्हणजे आम्ही: घर, पूजा, स्वैपाक. तीन, माझी मोठी नणंद: अख्खं भाजलेलं डुक्कर. चार, दीर किएम आणि त्याची बायको लोआन: टेबलं, खुर्च्या आणि तांदळाची दारू. पाच, दुसरी नणंद, जन्माची शाकाहारी, बुद्धाला नवस बोललेली: शाकाहारी नैवेद्य. सहा, तिसरी नणंद: केळीच्या पानातले चिकट भाताचे लाडू. आणि शेंडेफळ: गाण्याचं यंत्र, कारण सासूबाईंना गाणं आवडायचं आणि शेंडेफळाला आवडतं असं त्याला वाटतं. हे सगळं माझ्या डोक्यात आहे. अकरा वर्षं एक चूक नाही. पण ह्यांना ते यंत्राच्या डोक्यात घालायचं होतं.

"तुझ्यावरचा ताण कमी होईल," हे म्हणाले.

"मला ताण आहे असं कुणी सांगितलं?"

"आता यंत्रच सगळ्यांना निरोप पाठवेल. कोणी काय आणायचं, जेवण कुठे, किती वाजता. क्वेनबाईंनी निरोप पाठवायच्या ओळी तयार दिल्यात. मी फक्त नावं घालायची."

घातली. सहाही भावंडांची, थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत, एका ओळीत. मग सभागृहात सगळ्या वर्गासमोर, नऊकाकांच्या उपस्थितीत, बटण दाबलं. यंत्राने भराभर निरोप धाडले आणि शेवटी लाल अक्षरं दाखवून थांबलं. लाल अक्षरांत म्हणे असं लिहिलं होतं की तुम्ही मागताय तो नंबर यादीच्या बाहेर आहे. मास्तरीण तेव्हा बहिऱ्या आजोबांचा पंखा दुरुस्त करवत होती. ह्यांनी ठरवलं की यंत्र दमलं असेल. टाळ्या झाल्या, बिस्किटं वाटली. घरी येऊन म्हणाले, "पाठवले सगळे. एक-दोन राहिले असतील."

मी म्हटलं, "राहिले ते कोण?"

"यंत्राला ठाऊक."

पुढचे दहा दिवस जगाचं काहीतरी बिनसलं होतं आणि मला कळत नव्हतं. तीनवन्सं, ज्या दर श्राद्धाच्या आधी आठवडाभर फोन करून डुकराचं वजन सांगतात, त्या गप्प. चारची लोआन बाजारात भेटली, तर तिच्या होडीत तीस बदकं! मी म्हटलं, "काय गं, एवढी बदकं कशाला?" तर ती गोड हसली. ती हसली की मला नेहमी अपचन होतं.

म्हणाली, "जाऊबाई, यंदा तुम्ही अगदी आराम करा हं. पुष्कळ वर्षं केलंत."

मला वाटलं, वयावरून टोमणा मारते आहे. मी म्हटलं, "आराम मी मेल्यावर करीन, आणि तेव्हाही तुला निरोप येईल." तिने मान खाली घातली. मला वाटलं, लागलं वाटतं. चुना घेऊन जाताना दिसली दुसऱ्या दिवशी, घर रंगवत होती म्हणे. मी मनात म्हटलं, करू दे बिचारीला काहीतरी.

श्राद्धाच्या दिवशी मी पहाटे चूल पेटवली. नारळपाण्यात डुकराचं मांस आणि बदकाची अंडी, सासूबाईंच्या पद्धतीने, रंग बाभळीच्या डिंकासारखा येईपर्यंत. कारल्यात खिमा भरून रस्सा. साठ माणसांचा भात. देव्हारा पुसला, सासूबाईंचा फोटो पुसला. फोटोत त्या माझ्याकडे बघतात तशाच बघत होत्या, म्हणजे मीठ कमी पडलंय असं. नऊ वाजता येणारी माणसं दहा वाजले तरी आली नाहीत. टेबलं नाहीत, खुर्च्या नाहीत, डुक्कर नाही. साडेदहाला मी नवऱ्याकडे बघितलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, संगणक मांडीवर घेऊन, दारात बसले होते. फॉर्मच्या तीन प्रती खिशात.

"कुठे आहेत तुमची माणसं?"

"निरोप गेलाय," हे म्हणाले. "यंत्राने पाठवलाय."

अकराला आठकाकू समोरून धावत आल्या. शेवयांची पळी हातातच. "अहो दोनवहिनी! तुमचं सगळं कूळ पुलापलीकडे आहे! चारच्या अंगणात मांडव आहे. नऊकाकापण तिकडेच. तुम्ही नाही गेलात अजून?"

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. चारभावजी. मागे साठ माणसांचा कलकलाट. "दोनवहिनी, सगळे जमले बरं का. तुम्ही दोघं निघालात ना? दुपारच्या आत पूजा व्हायला हवी. आणि हो, येताना आईचा फोटो आणि राखेचं भांडं तेवढं घेऊन या."

राखेचं भांडं. घेऊन या. जसं काही मी कोथिंबीर आणायला निघाले होते.

मी फोन कानाला धरून उभी होते आणि पहिल्यांदा मला राग आला नाही. मला वाटलं, हे ठरवून झालंय. मला वाटलं, या माणसानेच सांगितलं असेल, बाई म्हातारी झाली, आता चारकडे करू. अडतीस वर्षं कडेवर घेतलेलं घर कुणी न बोलता खाली उतरवून ठेवलं असं वाटलं. मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही चारला काय कळवलंत?"

"टेबलं, खुर्च्या, दारू," हे म्हणाले. चेहरा कोऱ्या वहीसारखा. अडतीस वर्षांत मी त्या चेहऱ्याला खोटं बोलायला शिकवू शकले नाही. तेव्हा कळलं की हे कपट नाही. कपटाला अक्कल लागते.

मी फोनमध्ये म्हटलं, "चारभावजी, जेवण तिकडे आहे, सासूबाई इकडे आहेत. कोण कुणाकडे जातं ते तुमच्या आईलाच विचारा." आणि ठेवला.

आता गंमत अशी, की पूर्वजांना उदबत्ती दाखवल्याशिवाय घासाला हात लावता येत नाही. साठ माणसं, पुढ्यात तीस बदकं, आणि कुणालाही खाता येईना. मधून एक-दोघांनी म्हटलं म्हणे, की चारच्या ओसरीवर नवा देव्हारा मांडू. तर माझ्या सहावन्सं म्हणाल्या, "आणि आई तिकडून वाट चुकून शेजाऱ्याकडे जेवायला बसली तर?" बेत तिथेच बारगळला. सासूबाई भुकेल्या असताना कशा होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडून सहा वेळा फोन आला. मी घेतला नाही. मी दारात बसून पानं पुसत होते. आठकाकूंनी आपली गाडी बंद करून माझ्या ओट्यावर जागा धरली. म्हणाल्या, "मी काही बोलत नाही, मी नुसती बघते." एवढं खोटं त्या वर्षातून एकदाच बोलतात.

साडेअकराला पुलावर हालचाल दिसली. साठ माणसं आणि त्यांचं जेवण, दोन्ही चालत येत होतं. पुढे चारभावजी दोन्ही हातांत पातेलं धरून. मागे पोरांच्या डोक्यावर ताटं. खाली कालव्यात होडी, तिच्यावर खुर्च्यांचा डोंगर आणि त्या डोंगरावर सहावन्सं, कडेवर दारूचं मडकं. या सहावन्सं, ज्यांनी दारू पितो म्हणून नवऱ्याला दोन वर्षं परसात झोपवलं!

"मला निरोप आला," त्या होडीतूनच ओरडल्या, "टेबलं, खुर्च्या, दारू! दोनदादाचा निरोप म्हणून आणली! दुकानात तोंड दाखवायला जागा नाही मला आता!"

त्यांच्यामागे पाचवन्सं, जन्माच्या शाकाहारी, आणि त्यांच्या दोघा भाच्यांच्या खांद्यावर मोठं ताट. ताटात अख्खं डुक्कर. मी डोळे चोळले. पाचवन्सं म्हणाल्या, "वहिनी, मला निरोप आला की अख्खं भाजलेलं डुक्कर आण. थोरल्या भावाचा शब्द मोडायचा कसा, आणि बुद्धाचा नवस मोडायचा कसा? चार दिवस बसून सोयाबीनच्या पनीरचं केलं. वरची कातडी सोयाच्या दुधाच्या सायीची आहे. कान अळंब्यांचे." डुक्कर हसत होतं. खऱ्या डुकराला मी असं समाधानी कधी पाहिलेलं नाही.

शेंडेफळाच्या हातात केळ्यांचा एक घड. "शाकाहारी नैवेद्य," तो म्हणाला. "दुसरं काय शाकाहारी असतं ते मला सुचलं नाही. गाण्याचं यंत्र आणलं नाही, निरोपच नव्हता." एवढा एकच त्या दिवशीचा नफा.

आणि सगळ्यांच्या शेवटी लोआन. नवा रेशमी अंगरखा. ती दारात आली, चपला काढल्या, आणि फोन माझ्यापुढे धरला. "जाऊबाई, हा बघा निरोप. 'यंदा घर, पूजा, स्वैपाक तुझ्याकडे. दोनदादा.' बाकी सगळ्यांना पण गेलाय की जेवण चारकडे. मी कशी नाही म्हणणार? मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगितलंत. मला वाटलं..." तिच्या नखांत अजून चुना होता.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे उठले, संगणक छातीशी धरला आणि म्हणाले, "यंत्र चूक करत नाही. जे सांगतो तेच करतं."

"बरोबर," मी म्हटलं. "म्हणजे सांगणाऱ्याला धरा. क्वेन कुठे आहे?"

ती पोर गर्दीत होती, ह्यांचं काम बघायला म्हणून बोलावलेली. पुढे आली, संगणक उघडला, पाच ओळी वाचल्या आणि ओठ चावले. "आजोबा, तुम्ही यजमान म्हणून दोन नंबरचं नाव मागितलंत."

"मग? यजमान मीच. मी दोन."

"पण यंत्र पहिल्याला शून्य म्हणतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिला शून्य, दुसरा एक..."

ती पुढे समजावत होती आणि कुणाला काही कळत नव्हतं. मी सहा वाट्या घेतल्या. उंबऱ्यात ओळीने मांडल्या. "ही दोन," मी म्हटलं, "ही तीन, चार, पाच, सहा, हे शेंडेफळ. आता पोरी, तुझं यंत्र मोजतं तसं मोज."

तिने पहिल्या वाटीवर बोट ठेवलं. "शून्य." दुसरीवर, "एक." तिसरीवर, "दोन."

तिसरी वाटी चारभावजींची होती.

साठ माणसांतून एक आवाज निघाला, जसा चिखलातून पाय काढताना निघतो. "म्हणजे सगळं दोन-दोन घरं पुढे सरकलं," मी म्हटलं. "दोनचं चारला, तीनचं डुक्कर पाचला, चारची दारू सहाला, पाचचा नैवेद्य शेंडेफळाला. आणि सहा आणि सात मागितले तेव्हा वाट्याच संपल्या. ती तुमची लाल अक्षरं. यंत्र दमलं नव्हतं हो, ते बिचारं ओरडत होतं." क्वेन माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, आमच्या वर्गात हे कळायला लोकांना महिना लागतो." मी म्हटलं, "त्यांनी संत्री विकली नसतील."

बारा वाजायला आले होते. वाद राहिला बाजूला. मी उदबत्त्या पेटवल्या, राखेच्या भांड्यात रोवल्या, आणि सासूबाईंना झालेला प्रकार थोडक्यात सांगितला. हसल्या असतील. त्या नेहमी म्हणायच्या, माझं थोरलं पोर मनाने चांगलं आहे, आणि तिथेच थांबायच्या. माझ्यानंतर उदबत्तीला कोण, अशी कुजबुज झाली. मी लोआनला म्हटलं, "ये." ती आली. उदबत्ती घेतली. ती रोवून मागे सरली तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बदकं तू कर. माझ्या चुलीवर." तिचं बदक खरोखर चांगलं झालं होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

तेवढ्यात आठवण झाली, तीनवन्सं कुठे आहेत? त्यांना तर निरोपच नव्हता. शेंडेफळाला स्कूटरवर पिटाळलं. अर्ध्या तासाने तो आला, मागे तीनवन्सं, नाक लाल, आणि दोघांच्या मध्ये आडवं भाजलेलं डुक्कर, खरं. मी म्हटलं, "निरोप नव्हता तरी भाजलंत?" तर त्या फणकारल्या, "आईचं श्राद्ध काय निरोपावर चालतं? मी पहाटेच भाजून ठेवलं. फक्त बोलवल्याशिवाय यायचं नाही असं ठरवलं होतं." एवढ्या गर्दीत मोजणी येणारी दुसरी बाई तीच.

जेवणं झाली. दुप्पट जेवण होतं, तरी उरलं नाही. खरं डुक्कर आणि सोयाबीनचं डुक्कर समोरासमोर ठेवलेली, आणि नऊकाकांनी दोन्हींना न्याय दिला. मग ढेकर देऊन त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म काढला. "दोनदादा, माझी सही झाली. मी साक्षीदार आहे, यंत्राने निरोप पाठवले हे खरं आहे. क्वेनबाईंची सही झाली. आता राहिला शेवटचा रकाना. घरातल्या वडीलधाऱ्यांचा अभिप्राय. तोंडी सांगितला तरी चालेल, मी लिहून घेतो." आणि पेन सावरून ते माझ्याकडे बघायला लागले.

हे कोपऱ्यात बसले होते. खांदे खाली, संगणक मांडीवर, त्यावर सोयाबीनच्या डुकराचा एक कान. भिंतीवर प्रमाणपत्रासाठी खिळा त्यांनी आठवड्यापूर्वीच ठोकला होता, सासूबाईंच्या फोटोच्या बरोबर खाली. माझ्याकडे असे बघत होते, जसं पंपघरात पूर आल्यावर वरच्या साहेबाकडे बघायचे.

मी हात पुसले, उभी राहिले आणि साठ माणसांसमोर म्हटलं,

"लिहा, नऊकाका, एक अक्षरही न बदलता. अहो, ऐका तुम्हीही. या घरात मोजणी दोनापासून सुरू होते आणि ती दोन मी आहे. एकाची जागा भुतांसाठी रिकामी असते. राहिलं शून्य, ते मी अडतीस वर्षं पोसलंय. तुमच्या यंत्राने तुम्हाला पहिल्याच ओळीत बरोबर ओळखलं. उद्यापासून शाळेत जा, हरकत नाही. पण आज उठा, शून्यदादा, आणि या साठ जणांची भांडी घासा. पहिल्या ताटापासून."